डाव्या हाताचं काम उजव्या हाताला

पोकलेन चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी साइट दाजी म्हणायची, आणि यात त्याचा काही दोष नव्हता. दोष त्याच्या मेहुण्याचा. बायकोचा धाकटा भाऊ त्याच कंत्राटदाराकडे पाईप टाकायच्या कामावर होता. तो दिवसभर चरातून "दाजी, उचला", "दाजी, सोडा" असं ओरडायचा, आणि ते ऐकून ऐकून पाण्याच्या टँकरवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला दाजीच म्हणायला लागले. वयाने मोठा असलेला सुपरवायझरसुद्धा. एका लग्नात इतके मेहुणे पदरात पडलेला माणूस शोधून सापडणार नाही.

बाकी माणूस अबोल. पोट सुटलेलं, मान आखडलेली, मशीनवर चढताना गुडघे कुरकुरायचे. चढून झालं की क्षणभर तो नुसता बसून राहायचा, एखादा घाट चढून आल्यासारखा. मग दोन्ही मुठी लिव्हरवर जायच्या आणि त्यानंतर त्याच्याकडे बघावं असं काही राहायचं नाही. बघायचं ते मशीनकडे. पोकलेनने अंडं उचलतोस का, असं कुणी गमतीने विचारलं तर तो म्हणायचा, "अंडं हाताने उचलावं."

त्याचं खरं सुख मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, बायकोलाही नाही. ते सुख म्हणजे कामावर त्याच्या डोक्याला सुट्टी असायची. हात खोदायचे, उचलायचे, ओतायचे, आणि डोकं आपलं निवांत हिंडायचं. गळका नळ, मुलीची परीक्षा, शेजाऱ्याने भिंतीला टेकवून ठेवलेली मोटरसायकल, कशाचाही विचार करता यायचा. घरी गेलं की कुणी ना कुणी काहीतरी विचारायचं. मशीनवर कुणी विचारत नसे. लोक विश्रांतीला घरी जातात, हा विश्रांतीला कामावर यायचा. पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं होतं.

साइटवर आणखी एक रीत पडून गेली होती, आणि तीही दाजीच्या हातामुळेच. सिमेंटचा जाड पाईप पट्ट्याने बकेटला टांगून चरात सोडायचा असतो. इतर ठिकाणी पाईप तळाला टेकतो, मग माणसं खाली उतरतात आणि पहारीने तो सरकवून जोडतात. इथे मेहुणा आधीच चरात उभा असायचा. पाईप खाली येता येताच तो त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरायचा आणि आधीच्या पाईपात बसवायचा. पहार नको, ढकलाढकली नको. वर न बघता तो फक्त "सोडा, सोडा, बास" म्हणायचा. नवखा कुणी बघत असला तर तो ओरडून मेहुण्याला मागे व्हायला सांगायचा. मेहुणा म्हणायचा, "वर दाजी आहेत ना." सुपरवायझरला ही रीत भारी आवडायची, कारण त्यात वेळ वाचायचा. सुपरवायझरच्या तोंडात दिवसभर एकच शब्द, "आटपा". म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला आटपासाहेब म्हणत.

तर एक दिवस कंत्राटदाराने नवीन मशीन आणली. काचा चकचकीत, केबिनमध्ये थंड हवा, सीट अशी की दाजीच्या घरात तशी खुर्ची नव्हती. सगळं छान होतं. फक्त एक गोष्ट उलटी होती.

ती काय, हे जरा समजावून सांगायला हवं. पोकलेनच्या अंगातून एक मोठा दांडा निघतो, तो वर-खाली होतो. त्याच्या टोकाला दुसरा दांडा असतो, तो पुढे जातो आणि जवळ येतो. त्याच्या टोकाला बकेट. जुन्या मशीनवर मोठा दांडा डाव्या हाताकडे होता आणि पुढचा दांडा उजव्या हाताकडे. नवीन मशीनवर कुणा शहाण्याने ही दोन कामं एकमेकांत बदलून टाकली होती. म्हणजे उजवी लिव्हर पुढे ढकलली की जुन्या मशीनवर पुढचा दांडा लांब जाणार, आणि नवीनवर मोठा दांडा खाली येणार. बाकी सगळं जिथल्या तिथे. सगळंच वेगळं असतं तर परवडलं असतं. अर्धं तेच आणि अर्धं उलटं, ही खरी पीडा.

कंपनीचा माणूस एक सकाळ शिकवायला आला. "जुनं विसरून जा," एवढं सांगून, चहा पिऊन तो गेला. विसरून जा म्हणे! जणू ते शर्टाच्या खिशात होतं आणि काढून ठेवायचं होतं.

पुढचे काही आठवडे दाजीच्या नाकीनऊ आले. बकेट उचलायला जावं तर ती जवळ यायची, लांब न्यावी तर जमिनीत घुसायची. ट्रकमध्ये माती ओतताना एकदा त्याने ट्रकच्या फळीलाच धक्का दिला आणि ड्रायव्हरने त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चुकत चुकत काही शिकावं आणि ते दहा जणांनी कडेला उभं राहून बघावं, यासारखी शिक्षा नाही. पोरगं चुकलं तर लोक म्हणतात, शिकतोय. म्हातारा चुकला तर म्हणतात, संपला.

घरी आला की तो टीव्हीसमोर बसायचा आणि त्याच्या मुठी मांड्यांवर पुढे-मागे होत राहायच्या. बायको म्हणायची, "अहो, कुणाला ढकलताय?"

"कुणाला नाही."

"मग हात शांत ठेवा. बघून मलाच दमायला होतं."

दमला तो होता. अंग दुखणं त्याच्या सवयीचं होतं, हा शिणवटा निराळा होता. दिवसभर प्रत्येक हालचालीआधी डोक्याला विचारायचं, कुठला हात? पुढे की मागे? सुट्टीवर असलेलं डोकं आता रोज सगळ्यात आधी हजर आणि सगळ्यात शेवटी मोकळं. जेवताना तो घास हातात धरून बसून राहायचा. मुलगी काही सांगत असायची, त्याला ऐकू यायचं, समजायचं मात्र नाही.

आणि मग एक दिवस, दुपारी, तो शेजाऱ्याच्या मोटरसायकलबद्दल चिडून विचार करत असताना त्याच्या लक्षात आलं की समोर चांगला लांबलचक चर खोदून झालाय. कधी खोदला? कुणी खोदला? त्यानेच. डोक्याला परत सुट्टी मिळाली होती. दाजी एकटाच केबिनमध्ये हसला. त्या दिवशी घरी जाताना त्याने जिलेबीबिलेबी काही नेलं नाही, तसल्या माणसांतला तो नव्हता. पण नळाचा वायसर बदलला आणि मुलीशी पत्ते खेळला. बायकोने त्याच्या मुठींकडे बघितलं. त्या गप्प होत्या.

"आपला दाजी आता दोन्ही चालवतो," असं आटपासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, आणि दाजीलाही तसंच वाटलं. जुनं तर आहेच, त्यात नवं आलं, म्हणजे आधीपेक्षा जास्तच झालं की. असा हिशोब तुम्ही-आम्हीही केला असता.

मग नवीन मशीनचा होज, म्हणजे तेलाची जाड रबरी नळी, फुटला. सुटा भाग यायला वेळ लागणार होता. आटपासाहेबांनी कोपऱ्यातली जुनी मशीन ताडपत्रीखालून बाहेर काढायला लावली. दाजी वर चढला, फाटक्या सीटवर बसला, आणि एखादी लेक माहेरी आल्यावर जशी घरभर नजर फिरवते तशी त्याने नजर फिरवली. तोच तडकलेला आरसा, तोच डिझेलचा वास. त्याला खरंच बरं वाटलं.

सकाळी दोन-तीनदा हात चुकले. बकेट रिकामीच होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. "बऱ्याच दिवसांनी आलोय," असं तो मशीनलाच म्हणाला. हळूहळू हात रुळले. उन्हं चढेपर्यंत तर नवीन मशीन जगात कधी आलीच नव्हती, असं खोदणं चाललं होतं. त्या सकाळच्या दोन-तीन चुकांकडे त्याने तेव्हाच नीट बघायला हवं होतं, पण मनासारखं झालं की माणूस चौकशी करत नाही.

जेवणानंतर पाईप टाकायला सुरुवात झाली. आटपासाहेब काठावर. आभाळ भरून आलेलं, चरात पाणी शिरायच्या आत तेवढा तुकडा जोडायचा होता. मेहुणा खाली, नेहमीसारखा चराच्या पलीकडच्या टोकाला, मशीनकडे तोंड करून, आधीच्या पाईपाकडे पाठ करून उभा. पाईप पट्ट्याला टांगून चरावर आला. छातीच्या उंचीवर येऊन थांबला. मेहुण्याने हात पुढे केले.

"आटपा, आटपा!" साहेब ओरडले.

"सोडा दाजी!" मेहुणा ओरडला.

दाजीने उजवी लिव्हर पुढे ढकलली.

नवीन मशीनवर ते बरोबर होतं. पाईप सरळ खाली गेला असता. जुन्या मशीनवर पुढचा दांडा लांब गेला आणि तो जाड पाईप, त्याचं सगळं वजन घेऊन, चरातून आडवा मेहुण्याच्या छातीवर गेला.

मेहुणा कसा खाली बसला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. पाय घसरला म्हणा, नशीब म्हणा. पाईप त्याच्या खांद्याला घासून मागच्या भिंतीवर आदळला, तिथली माती ढासळून त्याच्या डोक्यावर पडली. दाजीचे हात लिव्हरवरून सुटले होते. त्याला काही ऐकू येत नव्हतं. मग मातीतून एक हात वर आला आणि हलला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मेहुण्याला वर काढलं. खांदा सोलवटला होता, हाड शाबूत होतं. तो खोकला, तोंडातली माती थुंकला, आणि साहेबांनी "काय झालं?" असं विचारायच्या आतच म्हणाला, "पट्टा घसरला."

पट्टा बांधणारा म्हातारा कामगार शेजारीच उभा होता. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"नीट बांधत जा रे बाबा," साहेब त्याला म्हणाले. आणि दाजी केबिनमध्ये बसून हे सगळं ऐकत राहिला. तोंड उघडावं असं त्याला वाटलं, उघडलं मात्र नाही. परत येताना मेहुण्याने हळूच सांगितलं, "ताईला बोलू नका. उगाच घोर लागेल तिला."

घरी त्याने जेवण पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं.

"बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"तुझा भाऊ आज माझ्या हातून मेला असता."

तो असाच बोलायचा, कमी आणि एकदम. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याने मग सगळं सांगितलं, मांडीवर मुठी ठेवून, उजवा हात पुढे नेऊन दाखवत. ती त्या मुठीकडे बघत होती.

"माझा एकच भाऊ आहे हो," ती म्हणाली. "त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय." मग तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही विसरलात? पंचवीस वर्षं केलेलं विसरलात?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरलो असतो तर बसलोच नसतो त्या सीटवर. दोन्ही आहे डोक्यात. घाई झाली की हात जे सापडेल ते उचलतो."

"उद्या कुठली मशीन?"

"जुनीच."

"आणि तो कुठे उभा राहणार?"

दाजीने ताट बाजूला सारलं.

"मला कशाला सांगताय मग? माझ्याने काय होणार आहे? ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगा." तिने त्याचं ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं, आणि डोळ्याला पदर न लावता तशीच रडली. तो फार दमला होता. पहाटेचा गजर लावून तो आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो साइटवर गेला. वॉचमनखेरीज कुणी नव्हतं. त्याने जुनी मशीन चालू केली आणि रिकामी बकेट हवेत फिरवायला लागला. पहिल्यांदा उचलायला गेला, चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मग बरोबर, बरोबर, पुन्हा एकदा चूक, आणि नंतर सगळं बरोबर. जुनं कुठे गेलं नव्हतं. थोडं हलवलं की वर येत होतं. एवढ्यावर त्याला समाधान मानता आलं असतं. पण कालही सकाळभर बरोबरच होतं, हे त्याला आठवत होतं. आणि होज बसवून नवीन मशीन परत आली की तिच्यावरही पहिल्यांदा असंच चुकणार, हेही त्याला कळून चुकलं. दोन घरं झाली होती आणि दोन्हीकडे तो पाहुणा होता. डोक्याला सुट्टी आता कुठेच मिळायची नव्हती. त्याने मशीन बंद केली आणि माणसं यायची वाट बघत बसून राहिला.

आटपासाहेब आल्या आल्या दाजी त्यांच्यापुढे उभा राहिला.

"साहेब, मला एकच मशीन द्या. नवीन येईपर्यंत ही दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसरा आहे कोण? आणि तुम्हाला दोन्ही येतात की, दाजी."

"येतात. म्हणूनच."

"आता हे काय नवीन? सायकल कुणी विसरतं का? चला, आटपा, चरात पाणी झिरपायला लागलंय." साहेब निघालेच. मेहुणा, खांद्याला पट्टी बांधलेला, चराच्या काठावर बसून शिडीवर पाय ठेवत होता. पट्टा बांधणारा म्हातारा आज दोनदा गाठ तपासत होता.

ते बघून दाजीला राहवलं नाही. "थांबा जरा," तो म्हणाला. त्याचा आवाज साइटवर सहसा कुणी ऐकलेला नसल्यामुळे सगळेच थांबले. "काल पट्टा घसरला नव्हता. यांची गाठ बरोबर होती. माझा हात चुकला. नवीन मशीनवर करतो ते जुनीवर केलं."

मेहुणा खाली बघत होता. म्हाताऱ्याने गाठ सोडली नाही, पण त्याचे खांदे जरा खाली आले.

"पुन्हा चुकेल का, ते मला सांगता येत नाही," दाजी म्हणाला. "बहुतेक नाही चुकणार. पण मी आहे तोवर पाईप तळाला टेकल्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही. पहारीने सरकवा. सगळीकडे सरकवतात तसं."

"वेळ किती जाईल, माहिती आहे का?" साहेब म्हणाले. पण आवाजात कालचा जोर नव्हता. त्यांनी मेहुण्याच्या खांद्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. "बघा बाबा. करा काय करायचं ते."

दाजी परत वर चढला. गुडघे कुरकुरले. त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्याला फक्त झोपावंसं वाटलं. खाली सगळे त्याच्या हातांकडे बघत होते, शिकाऊ माणसाकडे बघतात तसे.

त्याने पाईप उचलला, चरावर आणला, क्षणभर थांबला. कुठला हात? डावा. पुढे. पाईप सरळ, सावकाश खाली गेला आणि त्याचं तोंड आधीच्या पाईपात असं अलगद बसलं की पहारीची गरजच पडली नाही. इतका सुबक पाईप त्याच्या हातून कित्येक दिवसांत बसला नव्हता. चरात कुणीही नव्हतं.

काठावर मेहुणा रिकाम्या हातांनी उभा होता. त्याने वर केबिनकडे बघितलं.

"दाजी, उतरू का?" त्याने विचारलं.

दाजीने पट्टा सैल सोडला, इंजिन बंद केलं, दोन्ही हात लिव्हरवरून काढून त्याला दिसतील असे काचेशी धरले, आणि मग म्हणाला, "उतर."